फक्त गेम खेळतानाच

घरातला कॉम्प्युटर बंद पडण्याचे प्रकार पुष्कळ आहेत, पण घरात दोन तट पाडणारा प्रकार एकच. दिवसभर त्याची कसलीही तक्रार नसते. बँकेचं स्टेटमेंट निघतं, सोसायटीच्या मेंटेनन्सची एक्सेल शीट उघडते, लाइट बिल भरलं जातं, यूट्यूबवर जुनी नाट्यपदं लावून कुणी खुर्चीतच पेंगलं तरी तो बिचारा गात राहतो. संध्याकाळी पोराने गेम लावला की मात्र थोड्या वेळाने पडदा काळा. यावर मोठ्या माणसांचं निदान तयारच असतं आणि औषधही त्याच वाक्यात मिळतं : "खेळू नकोस, म्हणजे बंद पडणार नाही."

या वाक्यात तर्काची चूक काढता येत नाही, हीच त्यातली खरी पंचाईत. खेळणं थांबवलं की बंद पडणं थांबतं, हे अगदी खरं आहे. चालणं सोडलं की गुडघा दुखत नाही, हेही खरं आहे. पण म्हणून कुठला डॉक्टर पेशंटला "रस्त्यावर चालल्यामुळे गुडघा बिघडला, रस्ता बदला" असं सांगत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र रस्ता हाच आरोपी, आणि त्यावरून चालणारा पोरगा सहआरोपी.

माझा भाचा असा सहआरोपी होता. ताईचं घर पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या एका सोसायटीत. भाच्याला दहावीच्या निकालानंतर बक्षीस म्हणून ग्राफिक कार्ड मिळालं होतं आणि ते बसवल्यापासून घरात शांतता नव्हती. अशा वेळी मामाला बोलावतात. मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, याचा अर्थ दिवसाचा मोठा भाग मी मीटिंगमध्ये बसून मान हलवतो. पण नातेवाइकांच्या हिशेबी जो कॉम्प्युटरसमोर बसून पगार घेतो त्याला कॉम्प्युटरच्या पोटातलंही कळलं पाहिजे. प्रिंटर अडकला, फोनचा पासवर्ड विसरला, टीव्हीवर मॅच दिसेना, की "मामा, तू जरा बघ ना."

बघण्याआधी भावोजींना एक गोष्ट समजावून सांगणं भाग होतं. काम कशाला म्हणायचं, याबद्दल माणसाचे आणि कॉम्प्युटरचे विचार फार वेगळे आहेत. आपण अर्ज टाइप करत असतो तेव्हा आपल्या मते तो काम करत असतो. तो मात्र त्या वेळी नुसता वाट बघत असतो. चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ४ अब्ज ठोके. 'मा. महोदय' लिहून झाल्यावर पुढे काय लिहावं म्हणून आपण चष्मा काढतो, पुसतो, परत लावतो, तेवढ्यात त्याचे कित्येक अब्ज ठोके रिकामे निघून जातात.

गेम लावला की हा निवांतपणा संपतो. साधा फुल एचडी पडदा घ्या. त्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला निदान ६० वेळा नव्याने ठरवायचा. सेकंदाचे झाले १२ कोटी ४४ लाख ठिपके, आणि एका चित्राला मिळणारा वेळ सुमारे १७ मिलिसेकंद. एवढ्यात पाण्यातलं प्रतिबिंब हलायला हवं, भिंतीवरची सावली माणसाबरोबर पळायला हवी आणि मागून गोळी झाडणाऱ्याला वेळेवर अक्कल सुचायला हवी. अक्कल प्रोसेसर पुरवतो, रंग ग्राफिक कार्ड भरतं, नकाशाचा पुढचा तुकडा एसएसडीवरून रॅममध्ये आणि तिथून कार्डाच्या मेमरीत धावत असतो. या सगळ्यांना पोसण्यासाठी एसएमपीएस भिंतीतले २३० व्होल्ट उतरवून १२ व्होल्टने वाटत बसतो. पडद्यावर नुसता गणपतीचा फोटो असताना साठ-सत्तर वॅटवर भागवणारं हे यंत्र गेममध्ये साडेतीनशे-चारशे वॅटला जाऊन भिडतं.

थोडक्यात, आपण ज्याला खेळ म्हणतो ती त्याची अंगमेहनत, आणि आपण ज्याला ऑफिसचं काम म्हणतो ती त्याची वामकुक्षी.

भावोजींना हे पटलं नाही. "म्हणजे आम्ही झोपा काढतो आणि हा कष्ट करतो, असंच ना?" असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगणार होतो, ती आता तुम्हाला सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जगातली तोवरची सगळ्यात मोठी ज्ञात मूळ संख्या सापडली. तिचे अंक ४ कोटी १० लाख २४ हजार ३२०. ती शोधायला ग्राफिक प्रोसेसर वापरले होते. ज्या जातीच्या चिपा मुळात पोरांच्या गेममधले ठिपके रंगवायला घडल्या, त्याच आज गणित सोडवतात आणि एआयची मॉडेलं शिकवतात. तेव्हा त्या जातीला उनाड म्हणायचं, तर जरा विचार करून म्हणावं.

असो. बिघाडाकडे वळू.

मामा येण्याआधी मशीन गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आलं होतं. आपल्याकडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीचा पहिला विधी ठरलेला आहे. झाकण उघडायचं, रॅमच्या पट्ट्या काढायच्या आणि त्यांच्या सोनेरी कडा शाळेतल्या खोडरबराने घासायच्या. याला हसू नका. त्या कडांवर बसलेला मळ निघतो आणि पुष्कळ मशीनं एवढ्यावर खरोखर उठून बसतात. खोडरबराने भागलं नाही तर दुसरा विधी, "फॉरमॅट मारू." तिसऱ्यात "बोर्ड गेलाय" हे वाक्य येतं. ते ऐकताना घरच्यांचे चेहरे बघवत नाहीत, कारण बोर्ड म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि गेलाय म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं.

आमच्या दुरुस्तीवाल्याने खोडरबर फिरवलं, फॉरमॅट मारलं, मशीन रात्रभर चालू ठेवलं आणि सकाळी सांगितलं, "साहेब, रात्रभर चालू होतं. काही प्रॉब्लेम नाही." तो खोटं बोलत नव्हता. रात्रभर त्याच्या दुकानात ते मशीन निळ्या वॉलपेपरकडे बघत स्वस्थ पडलं होतं. दुकानात गेम कोण खेळणार? खेळणारे परीक्षेच्या तयारीला घरी बसलेले.

विंडोज स्वतः काय म्हणतं ते बघायला 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची नोंदवही असते. त्यात लाल खुणेखाली ओळ होती : कर्नल-पॉवर, ४१. भाचा हरखला. "मामा, सापडलं! कर्नल-पॉवर!" पण या नोंदीचा साध्या मराठीत अर्थ एवढाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद न होता बंद झालं. का झालं, ते नोंदवहीला माहीत नाही. ही नोंद लिहिणारा कारकून घटनेच्या वेळी स्वतःच बेशुद्ध होता आणि शुद्धीवर आल्यावर त्याने लिहिलं, की मी मघाशी बेशुद्ध होतो. इंटरनेटवर या ४१ आकड्यावर इतका खल झालाय की वाचणाऱ्याला वाटावं, हे रोगाचं नाव आहे. ते नुसतं पडल्याचं प्रमाणपत्र आहे.

त्यापेक्षा कसं पडलं हे विचारावं. गेम एकटाच मिटला आणि डेस्कटॉप समोर आला, तर संशय गेमवर, ड्रायव्हरवर किंवा रॅमवर घ्यायचा. चित्र गोठलं, पडदा काळा झाला पण कानात आवाज येतच राहिला, तर बहुधा ग्राफिक कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर. विंडोज कार्डाला उत्तर द्यायला साधारण २ सेकंद देतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर कार्डाला झटकून जागं करतं, आणि तेही जमलं नाही तर हात टेकतं. निळा पडदा आला, तर निदान त्यावर काही नाव तरी लिहिलेलं असतं. (आता नव्या विंडोज ११ मध्ये तो पडदा काळा झालाय आणि त्यावरचा रडका चेहराही गेलाय. इतकी वर्षं ज्या रंगाने आपल्याला घाबरवलं तो रंग असा गुपचूप निवृत्त झाला, याचं मला उगीच वाईट वाटलं.) आणि यातलं काहीच न होता, एक अक्षर न उमटता सगळं एकदम गेलं आणि क्षणभराने मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं, तर गेम, ड्रायव्हर, विंडोज यांना बाजूला बसवून आधी वीज तपासावी. भाच्याचं मशीन असं पडत होतं.

पण वीज तपासायची हे कुणाला पटत नाही, कारण आपल्याला उष्णता पटते. ताईच्या घरात कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण कायम काढलेलं आणि त्यापुढे टेबल फॅन लावलेला. हे दृश्य मी महाराष्ट्रात इतक्या घरांत पाहिलंय, की कॅबिनेटवाल्यांनी टेबल फॅन सोबतच द्यावा. त्याने थोडं निवतं हे खरं, आणि धूळ दुपटीने आत जाते हेही खरं. प्रोसेसरच्या डोक्यावरच्या धातूच्या पात्यांमध्ये धुळीची अशी गादी बसली होती, की ती उचलली तर अखंड निघाली. खालची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. ते सगळं आम्ही साफ केलं, नवी पेस्ट लावली, तापमान उतरलं. मशीन त्याच संध्याकाळी पुन्हा बंद पडलं.

खरं सांगायचं तर आजचे प्रोसेसर उष्णतेने असे पटकन मरत नाहीत. शंभर अंशांच्या आसपास पोचले की आधी ते आपला वेग कमी करतात. गेम अडखळतो, चित्र रखडतं, खेळणारा चिडतो. यंत्राने एवढी सूचना दिल्यावरही तापमान चढतच राहिलं, तर मग ते स्वतःला बंद करतं. उष्णतेचा आजार बहुतेक वेळा आधी कुरकुर करतो. आमच्याकडे कुरकुर नव्हती.

रॅम तपासायला मेमटेस्ट८६ आहे. १९९४ पासून हा प्रोग्राम लोकांच्या रात्री खातोय. तो पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा आणि झोपायला जायचं. मेमरीच्या प्रत्येक घरात तो काहीतरी लिहितो, परत वाचतो आणि जुळतंय का ते बघतो. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी पट्टी बदलायची. आमच्याकडे लाल ओळ नव्हती. ताईने दूध तापवता तापवता पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पास झालं का? चला, घरातलं कुणीतरी पहिल्या फटक्यात पास झालं."

इथे थोडं थांबून एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण संशय कुणावर घ्यावा याबाबतीत तिच्याइतकं डोळे उघडणारं दुसरं काही मला माहीत नाही. २०२४ च्या सुरुवातीला जगभरातले गेम खेळणारे एका संदेशाने हैराण झाले होते. गेम सुरू होता होता कोसळायचा आणि पडद्यावर ओळ यायची, की व्हिडिओ मेमरी संपली. आता व्हिडिओ मेमरी असते ग्राफिक कार्डावर. साहजिकच शिव्या कार्डाला. लोकांनी ड्रायव्हर बदलले, गेम पुन्हा पुन्हा इन्स्टॉल केले. कार्ड निर्दोष होतं. दोष होता इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांत. गेम सुरू होताना दाबून ठेवलेला डेटा उलगडावा लागतो आणि ते काम प्रोसेसरचं. उलगडताना तोच आकडेमोडीत चुकायचा, गेमला हाती आलेली माहिती वेडीवाकडी दिसायची आणि तो जवळात जवळ बसणारा संदेश छापून मोकळा व्हायचा. मूळ कारण निघालं जादा व्होल्टेज. त्याने प्रोसेसर हळूहळू आतून झिजत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जो प्रोसेसर आधीच झिजला होता त्याला ती दुरुस्ती पूर्ववत करू शकत नव्हती. एवढा मोठा दोष कुठे उघडा पडला? मुख्यतः गेममध्ये. त्याच प्रोसेसरवर कुणी निवांत अर्ज टाइप करत असेल, तर त्याला कदाचित अजूनही पत्ता नसेल.

अशीच एक जुनी गोष्ट १९९४ ची. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. जूनमध्ये त्यांच्या उत्तरांत कुठेतरी खूप पुढच्या दशांशाला विसंगती दिसली. त्यांनी आधी स्वतःचा प्रोग्राम तपासला, मग कंपायलर, मग बोर्ड. एकेकाला दोषमुक्त करत ते ऑक्टोबरमध्ये पेंटियम प्रोसेसरपर्यंत पोचले आणि जगाला कळलं, की हा प्रोसेसर काही भागाकार चुकीचे करतो. इंटेल कंपनीला त्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. मला त्या रकमेपेक्षा जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ जास्त मोठा वाटतो. आपल्याकडे जूनमध्ये विसंगती दिसली, तर जूनमध्येच बोर्ड बदलून झालेला असतो.

बिघाड शोधायची ही एकच रीत आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग थांबून बघायचं. घरात ही रीत चालत नाही. रॅमची जागा बदलली, त्याच दिवशी भावोजींनी एक्स्टेंशन बोर्ड बदलला, ताईने टेबल खिडकीपासून हलवलं आणि शेजारच्या काकूंनी लिंबू-मिरची सुचवली. त्यानंतर मशीन जर सुधारलंच, तर श्रेय कुणाला द्यायचं यावरून नवा बिघाड.

काकूंचं एक वाक्य मात्र मी उडवून लावणार नाही. त्या म्हणाल्या होत्या, "ग्रहमान बरं नसेल." २००३ साली बेल्जियमच्या निवडणुकीत ब्रसेल्समधल्या स्कारबेक इथे मतदान यंत्रावर एका उमेदवाराला ४०९६ मतं जादा पडली. एवढी मतं तिथे पडणं शक्यच नव्हतं, म्हणून ते लक्षात आलं. ४०९६ म्हणजे २ चा बारावा घात. मेमरीतला एकच बिट शून्याचा एक झाला होता. बाकी काहीच दोष सापडेना, तेव्हा अंतराळातून आलेल्या एखाद्या कणाने तो उलटवला असावा, असं स्पष्टीकरण पुढे आलं. तेव्हा आकाशातून काहीतरी येऊन कॉम्प्युटर बिघडवतं, हे म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. फक्त त्यासाठी लिंबू-मिरचीऐवजी, उलटलेला बिट स्वतःच सुलटा करणारी ईसीसी रॅम लागते.

तोवर भाचा इरेला पेटला होता. रविवारी सकाळी त्याने प्राइम९५ लावलं. हा प्रोग्राम मूळचा मोठमोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्या हौशी मंडळींचा, पण तो प्रोसेसरला इतका पिळून काढतो, की लोक त्याचा उपयोग मशीनची ताकद पाहायला करतात. त्यातल्या एका पर्यायाचं नावच 'टॉर्चर टेस्ट' आहे. प्रोसेसर टिकला. मग ग्राफिक कार्डासाठी फरमार्क, ज्यात पडद्यावर एक केसाळ कडं गोल गोल फिरत राहतं आणि कार्डाचे पंखे किंचाळायला लागतात. कार्ड टिकलं. मग दोन्ही एकदम. तेही टिकलं! ज्या मशीनने सकाळी इतका छळ सोसला ते संध्याकाळी एका फुटबॉलच्या गेमने कोलमडलं. भाच्याचा चेहरा पाहून भावोजींनाही दया आली. पेपर खाली ठेवून ते म्हणाले, "मला वाटतं, गेमच खराब आहे."

तेव्हा ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पंपाच्या वेळेला जातं ते."

आम्ही तिघांनी वळून पाहिलं. ती कणीक मळत होती.

"कुठला पंप?"

"खालचा. टँकर रिकामा झाला की वॉचमन पंप लावतो. पंप लागला की किचनमधला दिवा मिचकतो आणि याच्या खोलीतून टक् असा आवाज येतो. मग हा ओरडतो. रोजचं आहे."

सिंहगड रस्त्याकडच्या सोसायटीत राहणाऱ्या बाईला पंप कधी लागतो हे ठाऊक नसेल तर तिने संसार कसा करावा? पाणी वर चढतंय की नाही, याच्याकडे तिचा एक कान कायम असतो. भाच्याच्या दोन्ही कानांवर हेडफोन. त्यामुळे ज्याच्या टेबलाखालून तो टक् आवाज येत होता, त्याच्या कानी तो कधी पडलाच नाही.

टेबलाखाली होता यूपीएस. भाचा पाचवीत असताना शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेल्या साध्या कॉम्प्युटरबरोबर आलेला. पुढे कॉम्प्युटर बदलला, कार्ड आलं, मॉनिटर मोठा झाला, पण यूपीएसकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याच्या पाठीवर धुळीखाली लिहिलं होतं : ६०० व्हीए. पुष्कळांना वाटतं, म्हणजे ६०० वॅट. घरगुती यूपीएसमध्ये ६०० व्हीएचे प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच मिळतात, आणि तेही बॅटरी ताजी असेल तर. शिसे-आम्लाची ती बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. ही तर तिच्या दुप्पट जगली होती.

आता सगळं जुळलं. पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह ओढते. क्षणभर इमारतीतलं व्होल्टेज खाली बसतं. किचनमधला दिवा मिचकतो आणि यूपीएस इमानाने आपलं कर्तव्य करतो : टक् करून मशीनला बॅटरीवर घेतो. त्या वेळी भावोजी नाट्यपद ऐकत असतील, तर बॅटरीवर भार साठ-सत्तर वॅटचा. म्हातारी बॅटरीसुद्धा तेवढा उचलते, आणि कुणाला काही कळत नाही. गेम चालू असेल तर भार चारशेच्या घरात. बॅटरी बसते, मशीन जातं, तेवढ्यात मोटर वेग धरते, व्होल्टेज सावरतं, यूपीएस पुन्हा मेनवर येतो आणि मशीन काहीच घडलं नसल्याच्या थाटात चालू होतं. रविवारी सकाळी छळ सोसला, कारण रविवारी सकाळी पंप नव्हता.

खात्री करायला मशीन थेट भिंतीच्या प्लगला लावलं आणि पंपाची वाट बघत बसलो. भाच्याने हेडफोन काढून ठेवले होते. पंप लागला, दिवा मिचकला, गेम चालू राहिला. चांगल्या एसएमपीएसच्या पोटात एवढ्या क्षणापुरता साठा असतो. काही मिलिसेकंदांची झोप तो खपवून घेतो.

नवा यूपीएस येईपर्यंत आणखी एक उपाय केला. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रं काढू नयेत, अशी मर्यादा घातली. भाच्याचा मॉनिटर मुळात ६० च दाखवू शकतो. तरी कार्ड बापडं सेकंदाला दीडशे चित्रं रंगवत होतं, त्यातली निम्म्याहून जास्त कुणी बघतही नव्हतं. मर्यादा घातल्याबरोबर वॅट खाली आले, पंख्याचा आवाज बसला आणि भाच्याच्या म्हणण्यानुसार खेळण्यात काहीच फरक पडला नाही. फुकटच्या उपायांत यासारखा उपाय नाही, आणि तो सगळ्यात शेवटी आठवतो.

भावोजींनी विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये नेला. मोटरला सावकाश वेग देणारा स्टार्टर बसवला, तर सगळ्यांचेच दिवे मिचकायचे थांबतील आणि लिफ्टच्या पॅनेललाही बरं, असं त्यांचं रास्त म्हणणं होतं. चेअरमन म्हणाले, "म्हणजे तुमच्या मुलाच्या गेमसाठी सोसायटीने खर्च करायचा?" भावोजी त्यावर जे बोलले ते मिनिट्समध्ये आलेलं नाही. एवढं मात्र सांगतो, की गेमची बाजू इतक्या तळमळीने घेताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. सी विंगमधल्या दोघांनी उठून सांगितलं, की त्यांचाही राउटर रोज संध्याकाळी रिस्टार्ट होतो आणि ते आजवर इंटरनेटवाल्याला शिव्या देत होते. एका आजींचा ऑक्सिजन काँसंट्रेटर त्याच सुमारास बीप देत असे. गेम नसता तर हे कुणी कुणाशी बोललं नसतं. खर्च मंजूर झाला.

इमारतीतली वीज गेमने बिघडवली नव्हती. ती गेमच्या कितीतरी आधीपासून लंगडत होती. पण बाकी सगळी कामं इतकी हलकी होती, की लंगडणं कुणाला जाणवतच नव्हतं. पूर्ण ताकदीने धावणारं घरात एकच होतं, आणि ठेचही त्यालाच लागली.

तेव्हा तुमच्याही घरात असा खटला चालू असेल, तर निकाल देण्याआधी टेबलाखाली वाका. यूपीएस ओढून बाहेर घ्या, मागची धूळ पुसा आणि व्हीएचा आकडा वाचा. त्याला ०.६ ने गुणा. मग ग्राफिक कार्डाचे वॅट, प्रोसेसरचे वॅट आणि मॉनिटर-पंख्यांचे शंभरेक वॅट यांची बेरीज करा. बेरीज मोठी निघाली, तर पोराला काही बोलू नका. यूपीएस बदला.